अर्ध्या घराचा रंग

आमचं गाव मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. तालुका शिरूर, पण बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता हे सगळं दौंडला, कारण दौंड जवळ पडतं. मी केंदूरची. दहावी झाल्यावर लग्न होऊन इथं आले, तेव्हा या घरात एकच चूल होती आणि तिच्याभोवती सासूबाई, मोठी जाऊ आणि मी अशा तिघी असायचो.

सासऱ्यांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन ते कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. पुढं नदीचं पाणी उपसून रानात आलं, ऊस उभा राहिला, तशी त्यांनी मेंढरं विकली आणि ते एका जागी बसले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आयुष्यभर पालात राहिलेल्या या माणसानं म्हातारपणी पक्कं घर बांधलं. दोन मुलांसाठी दोन दारं, वर एकच स्लॅब आणि पुढं एकच लांब ओटा. भिंतींना बाहेरून प्लॅस्टर झालं आणि रंग द्यायचा राहिला, कारण त्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या.

त्यानंतर भावाभावांचं बिनसलं. विहिरीवरच्या मोटरीची पाळी हे कारण. लाइट येणार अवेळी, मोटर एक आणि ऊस दोघांचे. एकदा शब्दाला शब्द वाढला, आणि पंधरवड्यात रान, भांडी, जनावरं सगळ्याची वाटणी झाली. थोरल्या दिरांनी स्वतःची वेगळी मोटर बसवली. ओट्याच्या मधोमध विटांची गुडघाभर भिंत उभी राहिली. आम्ही जावा काही भांडलो नव्हतो. पण वाटणीत जशी माझ्याकडं परात आली आणि जाऊबाईंकडं हंडा गेला, तसा अबोलाही दोघींच्या वाट्याला आला. सुरुवातीला त्या बोलतील म्हणून मी थांबले, त्याही तशाच थांबल्या असणार, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली.

आबा एक महिना आमच्याकडं जेवायचे, एक महिना तिकडं. महिना बदलला की ते आपली घोंगडी उचलून त्या गुडघाभर भिंतीवरून पाय टाकायचे आणि पलीकडं जाऊन बसायचे. कुणाला काही बोलायचे नाहीत.

ती भिंत कधीच न मानणारी एकच व्यक्ती घरात होती, माझी लेक. तिच्या जन्मानंतर मला बाळंतरोगानं धरलं होतं. कित्येक महिने मी अंथरुणाला होते. तेव्हा तिला जाऊबाईंनीच वाढवलं. न्हाऊमाखू घालणं, गाईच्या दुधाची वाटी-चमचा, रात्रीचं जागणं, सगळं त्यांनी केलं. त्यांना मूल नव्हतं. लेक त्यांना मोठी आई म्हणायची, आणि वाटणीनंतरही सरळ उडी मारून तिकडं जायची. तिला कधी कुणी अडवलं नाही, एवढं मात्र आमच्या दोन्ही घरांचं चांगलं.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. वढू बुद्रुककडचं स्थळ. माणसं चांगली, मुलगा शेती बघून दुधाचा धंदा करणारा. सुपारी फुटली आणि लग्न आमच्या दारात, वैशाखात करायचं ठरलं. पाहुणे गेल्यावर मी अंगणात उभी राहून घराकडं पाहिलं. प्लॅस्टर काळवंडलं होतं. पन्हाळीखाली पावसाचे ओघळ उतरले होते. एवढी वर्षं ते रोज दिसत होतं, पण त्या दिवशी मी ते परक्याच्या नजरेनं बघितलं.

माझे मालक तेव्हा रांजणगावला एका कंपनीत पाळीवर जायचे. त्यांना म्हटलं, "घराला रंग द्यायला पाहिजे."

"देऊ की," ते म्हणाले, आणि येताना शिरूरच्या दुकानातून रंगाचं कार्ड घेऊन आले. ते कार्ड मी चुलीपुढं, गोठ्यात, कुठंही उघडून बघायची. बोटाच्या पेराएवढे रंगाचे तुकडे ओळीनं चिकटवलेले. आयुष्यात साडी सोडली तर रंग निवडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि साडीसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्यानंच निवडलेली. मी आकाशी रंगावर बोट ठेवलं. केंदूरला आमच्या शाळेच्या बाईंचं घर तसं होतं. उन्हाळ्यात त्या घरासमोरून गेलं तरी डोळ्यांना गार वाटायचं. असं घर आपलंही असावं, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

दौंडहून रंगारी घर बघायला आला. उंच, सावळा, तोंडात तंबाखू. त्यानं भिंतीवर हात फिरवला, नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाला, "आधी घासून घ्यावं लागंल. मग शिमिट पेंटचे दोन हात. कुठवर द्यायचा रंग?"

मालक म्हणाले, "आमचीच बाजू. त्या दाराच्या अलीकडं."

रंगारी मागं सरकून अंगणात गेला. त्यानं डोळे बारीक करून घर न्याहाळलं. "भिंत तर सरळ एकच हाय. मंग रेघ कुठं मारू?"

आबा तेव्हा आमच्या बाजूला ओट्यावर बसले होते. ते एकदम म्हणाले, "आम्ही मेंढरं वाटली तवा त्येंच्या पाठीवर रंग लावायचो. माळावर मिसळली तरी ह्याचं कुठलं, त्याचं कुठलं, कळावं म्हून. घर कुठं चाललंय चरायला, त्याला रंग लावून वळखताय?"

रंगारी हसला, मग आमची तोंडं बघून गप्प झाला. "तुमचं ठरलं की सांगा," म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. मालकही डबा घेऊन पाळीला गेले. आबांनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघत बसले.

मी कार्ड हातात घेऊन बराच वेळ उभी होते. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग मी पदर सावरला आणि भिंतीवरून पाय टाकला. उडी मारायचं माझं वय नव्हतं, आबांसारखाच टाकला.

जाऊबाई चुलीपुढं होत्या. मला दारात बघून त्यांचा हात थांबला.

"अक्का," मी म्हटलं, "रंगारी यायचाय. त्याची शिडी तुमच्या बाजूला टेकंल, तर चालंल का?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. त्यांनी ती उलटली. माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठला रंग?"

मी कार्ड पुढं धरलं. त्यांनी हात पदराला पुसले, कार्ड उजेडाकडं नेलं आणि माझं बोट होतं तो तुकडा पाहिला.

"ह्यो? बया! दवाखाना हाय का घर?"

मला राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांनी त्यांचा तो 'बया!' ऐकला आणि मला हसूच आलं. त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. धुराचं असेल म्हणावं, तर चूल चांगली पेटलेली होती.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले. त्यांनी ताटलीत भाकरी आणि ठेचा वाढला. मी खात होते आणि त्या बोलत होत्या. "पोरीची वरात ह्या दारातनं निघणार. तिच्या सासरचं मोठं वऱ्हाड येणार. त्येंना काय अर्धं घर दावायचं? निम्मं नवं, निम्मं कळकट? ती माझ्या बी मांडीवर वाढलीय. माझ्या बाजूला बी त्योच रंग घ्या. फकस्त ह्यो निळा नगं."

"मग कुठला?"

"पिवळा. खंडोबाच्या भंडाऱ्याचा. शुभ काम हाय घरात."

"पिवळा डोळ्यांवर येतोय अक्का."

"मग निळा काय, डोळ्यात जातोय?"

असा आमचा वाद सुरू झाला. केंदूरच्या बाईंच्या आकाशी घराचंही मी त्यात सांगून टाकलं. बोलायचं बंद होतं तेव्हा साठून राहिलेलं सगळं आम्ही त्या रंगाच्या वादात काढलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "उद्या दौंडला जाऊ. दुकानात बघू. कार्डावर काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर चेपून बसलो. गावातल्या बायका आमच्याकडं बघत होत्या. एकीनं विचारलंच, "आज दोघी मिळून?" जाऊबाई म्हणाल्या, "व्हय. पोरीच्या लग्नाची खरेदी." ते ऐकून मला जो दिलासा मिळाला, तो कसा सांगू? नदीच्या पुलावर वारा आला आणि त्यांनी माझा उडालेला पदर ओढून माझ्या खांद्यावर खोचला. जुनी सवय त्यांची.

दुकान स्टेशनपासून जवळ होतं. दुकानदारानं आमच्यापुढं मोठी कार्डं पसरली. मी पिवळ्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. खरं तर रात्री पडल्या पडल्या मी ठरवलं होतं की त्यांना पिवळा आवडतो तर पिवळाच घ्यावा. त्या माणसानं विचारलं, "मग कुठला देऊ?" मी म्हटलं, "पिवळा." त्याच क्षणाला जाऊबाई म्हणाल्या, "आकाशी."

दुकानदार एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागला.

"अक्का, तुम्हाला तर पिवळा पाहिजे होता."

"तू म्हणालीस ना, लहानपणापासनं आकाशी आवडतोय म्हून. मला काय, चार पावसाळ्यांत सगळे रंग मातीचेच व्हत्यात."

"नाही, पिवळाच घ्या."

"आता गप. आकाशी द्या हो भाऊ."

"पिवळा द्या."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "ताई, आधी बाहेर चहा पिऊन या," तो म्हणाला. आम्ही खरंच बाहेर गेलो आणि चहा प्यायलो. चहाच्या गाड्यापुढं, रस्त्यापलीकडं एक घर होतं. त्याच्या भिंती फिकट पिवळ्या, जवळजवळ सायीसारख्या, आणि खिडक्यादारं आकाशी. दोघींचं एकदमच तिकडं लक्ष गेलं. कुणी कुणाला दाखवलं, ते आठवत नाही. परत दुकानात जाऊन आम्ही भिंतींसाठी तो सायीसारखा पिवळा घेतला आणि दारंखिडक्यांसाठी आकाशी ऑइलपेंटचे डबे.

घरी मात्र थोरल्या दिरांना हे कुणी विचारलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "त्येंचं मी बघते." पण काय बघितलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

रंगारी आला. आमची बाजू घासून झाली, भिंतीवर पाणी मारून झालं, आणि त्यानं पहिला हात द्यायला सुरुवात केली. ओला रंग बघून मी दोन पावलं मागंच सरले. आंबेहळदीसारखा गडद, भडक दिसत होता. जाऊबाई पलीकडून बघत होत्या, त्याही हबकल्या. रंगारी शिडीवरूनच म्हणाला, "वाळू द्या वहिनी. वाळल्यावर उतरतोय." आणि खरंच, दुपारच्या उन्हात तो हळूहळू फिका होत गेला. मी कामं सोडून पुन्हा पुन्हा बाहेर येऊन बघत होते.

चारच्या सुमाराला रंगारी सरकत सरकत ओट्यावरच्या भिंतीपर्यंत आला आणि थांबला. पलीकडं भिंतीला दिरांचं औत, कुळव, फवारणीचा पंप, पोती, सगळं टेकवून ठेवलेलं होतं. आणि दारात ते स्वतः उभे होते. शेतातून नुकतेच आलेले, पायाला चिखल.

मालक इकडं ओट्यावर होते. आबा त्या महिन्यात आमच्याकडंच. रंगाऱ्याच्या हातातल्या ब्रशमधून थेंब खाली पडत होते. मला वाटलं, आता काहीतरी तुटणार. पुन्हा तोच आवाज चढणार, आणि लग्नाच्या तोंडावर गाव गोळा होणार.

दिरांनी भिंतीकडं पाहिलं. नव्या रंगाची कड जिथं संपत होती, तिथं थोडा वेळ नजर ठेवली. मग ते पुढं झाले, कुळव उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला. परत आले आणि पोतं उचललं. तिसऱ्या फेरीला औताला हात घातला, पण ते जड होतं, एकट्याला पेलेना. मालक उठले. भिंतीवरून पलीकडं गेले आणि औताचं दुसरं टोक धरलं.

"सांभाळ, फाळ हाय," दीर म्हणाले.

"धरलंय," मालक म्हणाले.

एवढंच त्यांचं बोलणं. दोघांनी मिळून भिंत मोकळी केली आणि रंगारी पुढं सरकला. आबांनी घोंगडीतून चंची काढली आणि पान लावायला घेतलं.

शिमिट पेंटला दुसऱ्या दिवसापासून पाणी मारावं लागतं, नाहीतर तो हाताला पांढरा लागतो आणि झडून जातो. वैशाखाचं ऊन, आणि आमची मोटर नेमकी दुरुस्तीला गेलेली. मी हंडे भरून आणायच्या तयारीत होते. तेवढ्यात दिरांनी त्यांच्या मोटरीचा पाइप ओढत ओढत थेट आमच्या अंगणात आणला. जाऊबाईंनी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं आणि भिंतीवर फवारा सोडला. आधी त्यांची बाजू, मग आमची. मी खालून बादलीनं मारत होते. लेक मध्ये येऊन दोघींचं पाणी अंगावर घेत होती, लग्न ठरलेली पोरगी आणि लहान पोरासारखी ओरडत होती. त्या संध्याकाळी ओल्या भिंतींचा वास सगळ्या घरभर भरला होता.

लग्नाच्या दोन-चार दिवस आधी मालक मला म्हणाले, "पोरगी म्हणतेय, कन्यादान मोठ्या आईनं आणि दादानं करावं." थोरल्या दिरांना ती दादा म्हणायची.

खरं सांगायचं तर मला ते लागलं. नऊ महिने पोटात वाढवलेली लेक, तिचा हात देताना पाटावर आपण बसावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? मी हातातलं काम तसंच ठेवलं. बाहेर येऊन ओट्यावर बसले. पलीकडं जाऊबाई कुरडया वाळत घालत होत्या, लग्नाच्याच. मला ते महिने आठवले, मी तापानं फणफणत असायची आणि पलीकडच्या खोलीत त्या माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या. तिची पहिली ओळख त्यांच्याशीच झाली होती. मी उठले, जवळ गेले आणि सांगितलं.

त्या म्हणाल्या, "खुळी हायस का? आई तू हायस."

मी म्हटलं, "अक्का, आई आहे म्हणूनच सांगतेय."

त्यांनी कुरडईचा साचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला चांगलं लुगडं न्हाई पाटावर बसायला." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दौंडला गेलो.

लग्न झालं. सायीच्या रंगाच्या भिंतींपुढं मांडव, आकाशी दारांना आंब्याचे डहाळे. पाटावर दीर आणि जाऊ बसले. लेकीच्या हातावर पाणी सोडताना जाऊबाईंचा हात थांबला, आणि दिरांनी त्यांच्या हाताखाली हात दिला. वढूकडचे एक वयस्क पाहुणे माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "घर झकास हाय तुमचं." मी फक्त मान हलवली.

त्या लग्नानंतर आम्ही एकत्र झालो, असं काही नाही. चुली दोन राहिल्या, मोटरी दोन राहिल्या. ओट्यावरची भिंत मात्र पावसाळ्यात एका बाजूनं ढासळली आणि ती कुणी पुन्हा बांधली नाही. आबा पुढं बरीच वर्षं जगले. शेवटी शेवटी तर कुठल्या महिन्यात कुठं जेवायचं याचा हिशेब त्यांनीच सोडून दिला होता. ज्या दारातून वास येईल तिकडं ते जायचे.

आमच्यात जावाजावांनी आभार मानायची रीत नाही. मानले असते तर अक्कांनी वेड्यातच काढलं असतं. पण आयुष्यात मला जे भरभरून मिळालं, त्यात मी त्यांना पहिल्या जागेला ठेवते. माझी लेक त्यांनी जगवली, आणि अबोला सोडायला मी अर्धं पाऊल टाकलं तेव्हा उरलेली सगळी वाट त्या चालून आल्या.

तो रंग काही पावसाळे टिकला. पुन्हा रंग द्यायची वेळ आली तेव्हा नवं शतक उजाडलं होतं. शिरूरला म्हणे कॉम्प्युटरवर रंग मिसळून देणारं दुकान निघालं होतं. या वेळी आम्हाला न विचारताच दोघे भाऊ मोटरसायकलवर बसून गेले आणि डबे बांधून घेऊन आले. मोठ्या कौतुकानं त्यांनी झाकण उघडलं. आत वांग्याला गुलाल फासावा तसला काहीतरी रंग होता.

"ह्यो कुणी निवडला?" जाऊबाईंनी विचारलं.

मालक दिरांकडं बघायला लागले, दीर मालकांकडं. मग दीर म्हणाले, "कॉम्प्युटरनं."

मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. घराला आम्ही पुन्हा सायीचाच रंग आणला आणि तो जांभळा-गुलाबी सगळा गोठ्याला देऊन टाकला. पहिल्या सकाळी मी शेण काढायला गेले, तर त्या भिंतीपुढं आमची काळी म्हैस शांतपणे रवंथ करत उभी. मागून जाऊबाई दुधाची बादली घेऊन आल्या. त्यांनी म्हशीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, बादली खाली ठेवली, आणि माझ्या खांद्याला धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.